जुन्या लेझर प्रिंटरचा फ्यूझर वापरून घरच्या घरी पीसीबी कसा बनवायचा?

घरी पीसीबी बनवायचा म्हटलं की बहुतेक जण सगळ्यात आधी कपड्यांची इस्त्री शोधतात. मीही तेच केलं होतं. डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षी प्रोजेक्टसाठी बोर्ड हवा होता आणि सबमिशनला चार दिवस उरले होते. इस्त्रीने तीन वेळा प्रयत्न केला, तिन्ही वेळा कोपऱ्यातले ट्रॅक कागदाबरोबर उठून आले. चौथ्या वेळी रागाने जोर दिला, तर मधले ट्रॅक पसरून एकमेकांना चिकटले. आईच्या इस्त्रीच्या तळाला काळा थर बसला तो वेगळाच.

नंतर गल्लीतल्या भंगारवाल्याकडे एक बंद पडलेला लेझर प्रिंटर मिळाला. त्यातला फ्यूझर काढून मी जे मशीन बनवलं, ते आजही वापरतोय. या लेखात तेच सगळं सांगणार आहे, माझ्या चुकांसकट. पण एक गोष्ट आत्ताच सांगतो. हे काम २३० व्होल्टवरचं आहे. तुम्ही आजवर फक्त बॅटरी आणि यूएसबीवरचे प्रोजेक्ट केले असतील, तर वायरिंगच्या वेळी एखादा जाणकार इलेक्ट्रिशियन शेजारी बसवा. नाहीतर सरळ ऑफिसात वापरतात तो लॅमिनेटर घ्या, त्यानेही काम होतं.

फ्यूझर नक्की काय करतो?

लेझर प्रिंटरमध्ये शाई नसते, टोनर असतो. टोनर म्हणजे मुख्यतः प्लास्टिकची बारीक पूड, त्यात काळा रंग मिसळलेला. कागदावर ही पूड आधी नुसती स्थिर विजेने चिकटून बसते. त्या क्षणी बोट फिरवलं तर पुसली जाईल. मग कागद दोन रोलरमधून जातो. एक रोलर साधारण १८० ते २०० अंश सेल्सिअस तापलेला असतो, दुसरा मऊ रबराचा आणि स्प्रिंगने दाबलेला. प्लास्टिक वितळून कागदाच्या धाग्यांत शिरतं आणि पक्कं होतं. या दोन रोलरच्या जोडीला फ्यूझर म्हणतात. प्रिंटरमधून ताजा कागद गरम गरम बाहेर येतो तो यामुळेच.

आता गंमत बघा. हेच प्लास्टिक पुन्हा तापवलं तर पुन्हा वितळतं. म्हणजे गुळगुळीत कागदावर सर्किट छापायचं, तो कागद तांब्याच्या बोर्डवर पालथा ठेवायचा आणि दोन्ही फ्यूझरमधून काढायचे. टोनर कागद सोडून तांब्याला धरतो. फेरिक क्लोराइड प्लास्टिकला खात नाही, त्यामुळे टोनरखालचं तांबं वाचतं, बाकीचं विरघळतं.

ही आयडिया वाटते तितकी नवी नाही. चेस्टर कार्लसन यांनी २२ ऑक्टोबर १९३८ ला न्यूयॉर्कमधल्या अ‍ॅस्टोरियात जगातली पहिली झेरॉक्स काढली, तेव्हा त्यांनी गंधकाचा थर दिलेल्या जस्ताच्या पत्र्यावर पूड बसवली होती आणि ती मेणकागदावर उष्णतेने उतरवली होती. आपण करतोय ते त्याचंच उलटं, कागदावरून धातूवर.

इस्त्री का फसते तेही इथेच कळतं. उष्णता पुरेशी असते, पण दाब सगळीकडे सारखा नसतो. रोलरमध्ये एका वेळी फक्त एक बारीक पट्टी दाबली जाते आणि पूर्ण रुंदीवर दाब सारखाच असतो.

प्रिंटर उघडताना

प्लग काढून प्रिंटर किमान एक दिवस तसाच ठेवा. पॉवर सप्लायमधल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर चार्ज असतो आणि प्लग काढला म्हणजे तो लगेच जातोच असं नाही. एक दिवसानंतरही मल्टीमीटरने मोजल्याशिवाय त्या बोर्डला हात लावू नका. टोनर कार्ट्रिज आधी काढून पिशवीत बांधा. मास्क लावा. सांडलेला टोनर ओल्या फडक्याने पुसा, पण पाणी गारच हवं. गरम पाण्याने तो कपड्यावर आणि फरशीवर कायमचा बसतो. घरच्या व्हॅक्यूम क्लीनरने ओढू नका, पूड इतकी बारीक असते की फिल्टरमधून पार होऊन खोलीभर पसरते.

फ्यूझर मागच्या बाजूला, कागद बाहेर येतो तिथे असतो. तीन-चार स्क्रू आणि दोन-तीन कनेक्टर काढले की अख्खं युनिट हातात येतं. वायरी कापू नका. कनेक्टरसकट काढा, पुढे उपयोगी पडतात.

आधी ओळखा, मगच करंट द्या

माझी पहिली मोठी चूक इथे झाली. फ्यूझर दोन प्रकारचे असतात हे मला माहीतच नव्हतं.

जुन्या प्रकारात अ‍ॅल्युमिनियमची पोकळ नळी असते, बाहेरून टेफ्लॉनचा थर आणि आत काचेचा लांब हॅलोजन दिवा. दुसऱ्या प्रकारात नळीच नसते. सिरॅमिकची एक अरुंद पट्टी तापते आणि तिच्यावरून पातळ फिल्मची बाही फिरते. एचपी लेझरजेट १०२० किंवा कॅनन एलबीपी २९०० सारख्या छोट्या, लगेच सुरू होणाऱ्या प्रिंटरमध्ये हा दुसरा प्रकार असतो. सॅमसंग आणि ब्रदरच्या बऱ्याच मॉडेलमध्ये हॅलोजनवाला सापडतो.

मला मिळालेला पहिला फ्यूझर फिल्मवाला होता. मी टेबलावर ठेवून, रोलर न फिरवता, तो थेट प्लगला लावला. 'तापतो का बघू' एवढाच विचार. काही सेकंदांत वास आला आणि फिल्म एका जागी आकसून फाटली. त्या पट्टीला उष्णता साठवायला वस्तुमानच नसतं. फिल्म फिरत राहिली तरच उष्णता पुढे जाते, थांबली की जळते. शिवाय तांब्याच्या बोर्डची धार त्या फिल्मला सहज चिरते. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की या कामाला हॅलोजनवालाच घ्या.

ओळखायची सोपी युक्ती सांगतो. मल्टीमीटर ओमवर लावून हीटरची दोन टोकं मोजा. हॅलोजन दिव्याची फिलामेंट थंड असताना रेझिस्टन्स फार कमी असतो, साधारण ५ ते १० ओम. सिरॅमिक हीटर थंड असतानाही काही दहा ओम दाखवतो. आणि बोटाने दाबून बघितलं तर फिल्म दबते, नळी दबत नाही.

मोजताना आणखी दोन पार्ट शोधा. एक थर्मिस्टर, तो रोलरला टेकलेला असतो आणि त्याच्या दोन बारीक वायरी बाहेर येतात. थंड असताना तो अनेकदा काही लाख ओम दाखवतो आणि हेअर ड्रायरची हवा मारली की आकडा भराभर उतरतो. दुसरा पार्ट म्हणजे थर्मल कटआउट, गोल किंवा चपटं धातूचं बटण. तो हीटरच्या वायरीत सिरीजमध्ये असतो आणि मीटरवर जवळजवळ शून्य ओम दाखवतो. याच्याविषयी पुढे बोलायचंच आहे.

कंट्रोल सर्किट

मी आर्डुइनो नॅनो वापरला. ५ व्होल्टपासून १० किलोओमचा रेझिस्टर, त्यानंतर थर्मिस्टर ग्राउंडला, आणि मधला पॉइंट अ‍ॅनालॉग पिनला. तापमान वाढलं की या पॉइंटचं व्होल्टेज उतरतं. हीटर चालू-बंद करायला २५ अ‍ॅम्पियरचा सॉलिड स्टेट रिले, म्हणजे एसएसआर, अ‍ॅल्युमिनियमच्या हीटसिंकवर. एवढा मोठा कशाला, असं वाटेल. आता मोजलेलाच आकडा घ्या. दिवा थंड असताना ७ ओम असेल तर २३० भागिले ७, म्हणजे पहिल्या क्षणी ३० अ‍ॅम्पियरच्या वर करंट ओढला जातो. तो लगेच खाली येतो, पण छोटा रिले तेवढ्यातच चिकटतो.

थर्मिस्टरची डेटाशीट शोधत बसलो नाही. थर्मोकपलवाल्या मल्टीमीटरचं टोक रोलरला टेकवलं, हीटर दर सेकंदाला एक झटका असा हळूहळू तापवला, आणि १६०, १७०, १८० अंशाला अ‍ॅनालॉग पिनवर काय आकडा येतो तो वहीत लिहून घेतला. कोडमध्ये तेच तीन आकडे आहेत. आपल्याला प्रयोगशाळेची अचूकता नको, पाच अंश इकडेतिकडे चालतात. रोलर मात्र तापवताना सतत फिरता ठेवा, नाहीतर रबराच्या रोलरवर एका जागी खड्डा पडतो.

आर्डुइनोला वेगळ्या अडॅप्टरवरून पॉवर द्या. मेन्स चालू असताना त्याची यूएसबी केबल लॅपटॉपला किंवा मोबाइलला लावू नका. थर्मिस्टर २३० व्होल्टच्या शेजारी बसलेला असतो आणि मध्ये फक्त पिवळसर टेपचा एक थर असतो. तो टेप फाटलेला दिसला तर तो फ्यूझर बाजूला ठेवा. धातूच्या फ्रेमला अर्थिंग हवंच, आणि मशीन ज्या सॉकेटला लावणार त्याच्या मागे आरसीसीबी असेल तर उत्तम.

त्या रात्री काय झालं

मशीन सुरुवातीला मधूनच बंद पडायचं. शोधल्यावर कळलं की थर्मल कटआउट उघडतोय. एका मित्राने सल्ला दिला, "अरे तो काढून टाक, डायरेक्ट कर. इतके लोक करतात." मी स्क्रू ड्रायव्हर हातात घेतलाही होता. पण आधी तो का उघडतोय ते बघितलं, तर थर्मिस्टर रोलरपासून एखाद मिलिमीटर सुटला होता. त्यामुळे आर्डुइनोला रोलर थंड वाटायचा आणि तो हीटर चालूच ठेवायचा. थर्मिस्टर वाकवून परत टेकवला, प्रॉब्लेम गेला. कटआउट तसाच राहिला.

दोन महिन्यांनी रात्री बोर्ड काढत होतो. १७५ अंशावर हीटर बंद व्हायला हवा होता. डिस्प्लेवर १९०, २००, २१० असे आकडे चढत गेले. आर्डुइनो हीटर बंद करायची सूचना देत होता, एसएसआर ऐकत नव्हता. मी प्लगकडे धावलो, तेवढ्यात आतून 'टक्' असा आवाज आला आणि दिवा विझला. कटआउट उघडला होता. खोलीत करपट वास होता, रोलरचं टेफ्लॉन थोडं फुगलं होतं, बाकी काही नाही. टेबलाखाली कागदांचा गठ्ठा होता आणि बाजूच्या खोलीत घरचे झोपले होते.

एसएसआर खराब होतो तेव्हा बहुतेक वेळा आतून शॉर्ट होतो, म्हणजे कायम चालू राहतो. कोडमध्ये कितीही सेफ्टी लिहा, तिथे तिचा काही उपयोग नाही. माझा एसएसआर स्वस्तातला नकली निघाला. वर २५ अ‍ॅम्पियर छापलेलं, आत त्याहून खूप लहान चिप. तेव्हापासून माझ्या मशीनमध्ये एसएसआरच्या आधी एक साधा मेकॅनिकल रिलेही सिरीजमध्ये आहे. तापमान २०० च्या वर गेलं किंवा मोटर थांबली की तो सुटतो. आणि कटआउट प्रिंटर कंपनीने बसवला तिथेच आहे. तुम्हाला कोणी 'डायरेक्ट कर' म्हणालं तर मशीन करू नका, पण डायरेक्ट करू नका.

मोटर आणि वेग

प्रिंटरची स्वतःची मोटर वापरायचा मोह होतो, पण ती आपल्या कामासाठी फार वेगाने फिरते. हिशोब करून बघा. ८० जीएसएमच्या कागदाचं वजन एका चौरस सेंटिमीटरला ०.००८ ग्रॅम. १.६ मिलिमीटर जाडीच्या फायबरग्लास बोर्डचं तेवढ्याच जागेचं वजन ०.३ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे जवळपास चाळीस पट. वर तांबं उष्णता लगेच सगळीकडे पसरवतं. त्यामुळे कागदासाठी जो वेग ठीक आहे, त्या वेगाने बोर्ड कोमटसुद्धा होत नाही.

मी १२ व्होल्टची १० आरपीएमची गिअर मोटर घेतली. पुण्यात असाल तर बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास, मुंबईत लॅमिंग्टन रोडवर अशा मोटर कुठेही मिळतील. फ्यूझरच्या बाजूला प्लास्टिकचा गिअर असतो, त्यालाच ती जोडली. जुन्या मायक्रोवेव्हच्या थाळीची मोटर फुकटात मिळते म्हणून तीही लावून बघितली होती. ती दर वेळी कोणत्या दिशेने सुरू होईल याचा नेम नसतो. थाळीला काही फरक पडत नाही, आपला बोर्ड मात्र तोंडावर परत येतो.

जाडीचा प्रश्न उरतो. फ्यूझर कागदासाठी बनलेला आहे, त्यामुळे पुढचे-मागचे प्लास्टिक गाइड आणि कागद सोडवणारी छोटी बोटं काढावी लागतात. १.६ मिलिमीटरचा बोर्ड जात नसेल तर दाबाच्या स्प्रिंगखाली वॉशर घालून बघा, किंवा ०.८ मिलिमीटरचा बोर्ड घ्या. मी आता ०.८ चाच वापरतो, लवकर तापतो आणि कात्रीनेही कापता येतो.

प्रत्यक्ष बोर्ड

डिझाइन किकॅडमध्ये करा किंवा ब्राउझरवर चालणाऱ्या ईझीईडीएमध्ये. पीडीएफ काढून मोबाइलवरून झेरॉक्सच्या दुकानात पाठवली तरी चालते, पण त्यांना तीन गोष्टी सांगा: लेझर प्रिंट हवी, साइज १०० टक्के, टोनर सेव्ह बंद. इंकजेटची प्रिंट इथे उपयोगाची नाही. तांब्याची बाजू खालची असते आणि छापलेला कागद पालथा पडतो, त्यामुळे खालच्या लेयरचं चित्र आरशात न उलटवता तसंच छापायचं, वरच्या लेयरचं उलटवून. गोंधळ होऊ नये म्हणून तांब्यावर एखादं अक्षर ठेवा. कागदावर ते उलटं दिसलं म्हणजे बोर्डवर सरळ येणार.

कागदासाठी पिवळा ट्रान्सफर पेपर मिळतो. नसेल तर दिवाळी अंकातलं जाहिरातीचं गुळगुळीत पान बेस्ट. त्यावरचा लेप पाण्यात सुटतो.

बोर्ड भांड्याच्या हिरव्या घासणीने चकचकीत करा, मग थिनर किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. त्यानंतर तांब्याला बोट लावायचं नाही. कडा कानशीने गोल करा, नाहीतर टेफ्लॉनवर ओरखडे उठतात. माझं सेटिंग १७५ अंश, ०.८ च्या बोर्डला सहा फेऱ्या, १.६ ला दहा. ब्रदरचा टोनर जरा जास्त उष्णता मागतो, त्याला १८५ ठेवतो. शेवटच्या फेरीनंतर बोर्ड लगेच पाण्यात टाकू नका, हाताला लागेल इतका निवू द्या. मग कोमट पाण्यात पंधरा मिनिटं भिजवून कागद अंगठ्याने चोळून काढा. कुठे टोनर सुटला असेल तर परमनंट मार्करने भरा. माझ्याकडे ०.४ मिलिमीटरचे ट्रॅक भरवशाने येतात. त्याहून बारीक कधी येतात, कधी नाही.

एचिंगला प्लास्टिकचाच ट्रे, हातमोजे, चष्मा आणि उघडी खिडकी. फेरिक क्लोराइड ४० अंशाच्या आसपास कोमट असेल आणि ट्रे हलवत राहिलात तर दहा ते वीस मिनिटांत काम होतं. थंड द्रावणात तासभर लागतो आणि तेवढ्यात ट्रॅकच्या कडा आतून खाल्ल्या जातात. टोनर थिनरने पुसा, ०.८ किंवा १ मिलिमीटरच्या ड्रिलने भोकं पाडा. तांबं काळं पडू नये म्हणून राळ अल्कोहोलमध्ये विरघळवून एक हात मारा, सोल्डरिंगही सोपं जातं.

वापरलेलं द्रावण मोरीत ओतू नका. त्यात विरघळलेलं तांबं असतं, ते पाइप खातं आणि पुढे नदीत जाऊन माशांना मारतं. मी ते घट्ट झाकणाच्या प्लास्टिक बाटलीत ठेवून पुन्हा पुन्हा वापरतो. अगदीच संपलं की धुण्याचा सोडा थोडा थोडा घालतो. फेस येतो, तो थांबेपर्यंत घालायचा. खाली बसलेला गाळ सुकवून, पिशवीत बंद करून धोकादायक कचऱ्यात देतो.

प्रिंटरचे बाकीचे पार्ट

स्टीलचे गुळगुळीत रॉड आणि बुशिंग छोट्या ड्रिल स्टँडला छान लागतात. ऑल-इन-वन प्रिंटर असेल तर वरच्या स्कॅनरमध्ये बऱ्याचदा स्टेपर मोटर मिळते, ती मी एचिंगचा ट्रे हलवायला लावली आहे. त्याच स्कॅनरची काच आणि डबा घेऊन आत यूव्ही एलईडी बसवले की फोटोरेझिस्टसाठी एक्स्पोजर बॉक्स तयार होतो. नव्या इंकजेटमध्ये मात्र स्टेपरऐवजी साधी डीसी मोटर आणि रेघांची पारदर्शक पट्टी असते, ती चालवायला जास्त डोकं लावावं लागतं.

लेझर युनिटबद्दल बरेच जण विचारतात, त्यानेच थेट बोर्डवर चित्र का काढू नये? कारण तो लेझर इन्फ्रारेड असतो आणि फोटोरेझिस्टला यूव्ही किंवा जांभळा प्रकाश लागतो, दोघांचं जमत नाही. वर इन्फ्रारेड असल्याने तो चालू आहे हे डोळ्यांना नीट दिसतही नाही, इजा मात्र होते. ते युनिट मी न उघडता ई-वेस्टमध्ये देतो.